हवा गेली कुठनं?

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं आमचं घर खासबाग मैदानापासून चालत पाच मिनिटांवर. वडील उद्यमनगरात पॅटर्न मेकर होते, कास्टिंगच्या साच्यांसाठी नमुने घडवायचे. मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पोस्टडॉक आहे. माणसाच्या पेशींपासून आतड्याचे इवलेसे नमुने वाढवते. या कामात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना तीन वर्षांतलं थोडं सांगावंसं वाटतं.

१. बर्फ आधी, पेशी नंतर.
पेशींना आधार देणारं मॅट्रिजेल ४ अंशांना पातळ असतं आणि खोलीच्या उबेतच घट्ट होऊ लागतं. पिपेटची टिप गार नसेल तर ते टिपेतच बसतं. टिपांचा डबा आदल्या रात्रीच फ्रीजरमध्ये ठेवा.

२. गोळा मोठा होतोय म्हणून हरखू नका.
२००९ मध्ये नेदरलँड्समध्ये तोशिरो सातो आणि हान्स क्लेवर्स यांनी उंदराच्या आतड्यातल्या एकेका मूळपेशीपासून आतड्यासारखी घडी असलेली रचना बशीत वाढवली. आमचं सगळं काम तिथून सुरू होतं. पण अशा रचनेत, म्हणजे ऑर्गनॉइडमध्ये, रक्तवाहिन्या नसतात. प्राणवायू साधारण २०० मायक्रॉन, म्हणजे दोन-तीन केसांच्या जाडीएवढाच आत पोहोचतो. त्यापलीकडच्या पेशी गुदमरतात, सूक्ष्मदर्शकाखाली मधोमध काळा डाग दिसतो. म्हणून केसाएवढ्या नळ्यांतून पोषकद्रव वाहता ठेवायचा. डॅन ह आणि डोनाल्ड इंगबर यांनी २०१० मध्ये हार्वर्डमध्ये अशा नळ्यांची फुप्फुसाची चिप केली, तेव्हापासून हा मार्ग रुळला.

३. हवेला वाट ठेवा.
आमची चिप पीडीएमएस या सिलिकॉन रबराची. १० भाग रेझिन, १ भाग हार्डनर, निर्वात पात्रात बुडबुडे काढायचे, साच्यावर ओतायचं, ओव्हनमध्ये ठेवायचं. पहिले सहा महिने माझी एकही चिप चार दिवसांवर टिकली नाही. नळीत बुडबुडा अडकायचा आणि पुढे सरकताना पेशी खरवडून न्यायचा. पंप बदलला, नळ्या बदलल्या, फरक शून्य.

दिवाळीत घरी आले तेव्हा वाया गेलेली एक चिप वडिलांना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, ती ट्यूबलाइटसमोर धरली, अंगठ्यानं दाबून बघितली.

"रस ओतलाय कुठनं, ते दिसतंय बाळ. हवा गेली कुठनं?"

साच्यातल्या हवेला वाट ठेवली नाही की कास्टिंगमध्ये ब्लोहोल पडतो, हे आमच्या घरात रोजचं बोलणं. मी ते प्रयोगशाळेत नेलंच नव्हतं. परतल्यावर पेशींच्या कप्प्याआधी एक उंच कप्पा कोरला. बुडबुडा वर चढून तिथेच थांबू लागला. मग दुसरी चूक दिसली. फ्रीजमधला गार द्रव मी थेट जोडत होते. गार द्रवात हवा जास्त विरघळते आणि ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ती सुटते. आता द्रव आधी कोमट करते, त्यातली हवा काढते, मगच जोडते. त्यानंतरची पहिली चिप २२ दिवस जगली. मी वडिलांना फोन केला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

४. चिपसुद्धा औषध पिते.
तेलात विरघळणारी कितीतरी औषधं पीडीएमएस शोषून घेतं. पेशींवर परिणाम दिसला नाही, तर त्यांच्यापर्यंत औषध पोहोचलं का, हे आधी मोजा.

५. बशीतला तुकडा कुणाचा तरी असतो.
शस्त्रक्रियेत काढलेल्या आतड्याचा छोटा तुकडा रुग्णाच्या संमतीनं आमच्याकडे येतो. संमतिपत्र मराठीत आहे, तरी मी शेजारी बसून समजावते. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारनं औषध चाचणीच्या नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांऐवजी ऑर्गनॉइड आणि चिपवरच्या चाचण्यांनाही जागा दिली, हेही सांगते. एकदा आमच्याच बाजूच्या एक मावशी सगळं ऐकून म्हणाल्या, "ताई, ते खातं काय मग?"

साखर, अमिनो आम्लं, शिवाय आर-स्पाँडिन, नॉगिन अशी प्रथिनं. दर दोन दिवसांनी ताजं.

"मग उपाशी ठिवू नका," म्हणाल्या, आणि अंगठा उठवला.

६. सणवार पेशींना नसतो.
यंदाच्या दसऱ्याला कोल्हापुरात चौकात सोनं लुटलं जात होतं. आईनं व्हिडिओ कॉल लावून फोन उंच धरला होता. मी हातमोजे घालून मावशींच्या नमुन्याचा द्रव बदलत होते.