हिमालयातील घरांची ऊब : लाकडी इंधनाचा कार्यक्षम व सुरक्षित वापर

भारतात घरगुती इंधनाची चर्चा बहुधा स्वयंपाकाभोवती फिरते. १९८३ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम असो किंवा १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथून सुरू झालेली प्रधानमंत्री उज्ज्वला योजना असो, दोहोंचा मुख्य रोख स्वयंपाकघरातील धुरावर होता. हिमालयाच्या उंच प्रदेशात मात्र अग्नीला आणखी एक काम असते, ते म्हणजे घर उबदार ठेवणे. काश्मीर, लडाख, किन्नौर, लाहौल-स्पिती या भागांत हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली उतरतो. गॅसच्या शेगडीवर भात शिजतो, पण तिच्यावर दिवसभर खोली तापविणे परवडणारे नसते. म्हणूनच घरात सिलिंडर पोहोचल्यानंतरही सरपणाची गरज संपत नाही.

पारंपरिक साधने

काश्मीरमध्ये वेताच्या विणीत बसविलेले, निखाऱ्यांनी भरलेले मातीचे भांडे, म्हणजे कांगडी, फिरनच्या आत धरतात. तिच्या दीर्घकालीन वापरामुळे पोट व मांड्यांच्या त्वचेला होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन डॉ. एल्मस्ली यांनी १८६६ मध्येच केले होते. हमाम या खोलीत दगडी फरशीखाली लाकूड जाळून फरशी तापविली जाते. बुखारी ही धुरांडे असलेली लोखंडी शेगडी होय. हिमाचलच्या उंच भागांत अशाच शेगडीला तंदूर म्हणतात. लडाखमध्ये झाडे विरळ असल्याने विलो व पॉप्लरच्या फांद्यांना वाळलेल्या शेणाची जोड द्यावी लागते.

ज्वलनाचे शास्त्र

लाकूड तीन टप्प्यांत जळते. प्रथम त्यातील पाण्याची वाफ होते, नंतर ज्वलनशील वायू बाहेर पडतात आणि शेवटी कोळसा उरतो. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे चार पंचमांश भाग वायुरूपाने बाहेर पडतो. हे वायू पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान व पुरेशी हवा लागते. ती न मिळाल्यास धूर, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. धूर हे मोठ्या प्रमाणात न जळलेले इंधनच असते. त्यामुळे इंधनाची बचत आणि कुटुंबाची सुरक्षितता ही दोन वेगळी उद्दिष्टे राहत नाहीत. पूर्ण ज्वलनाने दोन्ही साधतात.

येथे ओलाव्याला निर्णायक महत्त्व आहे. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात सुमारे निम्मे पाणी असू शकते. अशा एक किलो लाकडापासून सुमारे ८ मेगाज्यूल उष्णता मिळते, तर २० टक्के ओलावा असलेल्या लाकडापासून सुमारे १५ मेगाज्यूल मिळते. शेगडीचा प्रकारही तितकाच महत्त्वाचा असतो. समजा, एका घरात रोज १० किलो वाळलेले लाकूड जळते. त्यातील १५० मेगाज्यूलपैकी उघड्या शेकोटीत १५ टक्के उष्णता उपयोगी पडली, तर खोलीला २२.५ मेगाज्यूल मिळतात. बंदिस्त शेगडीची कार्यक्षमता ६० टक्के धरल्यास तेवढ्याच उष्णतेसाठी केवळ अडीच किलो लाकूड पुरते.

धोके व दक्षता

कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपणे प्राणघातक ठरू शकते. निखारे धूर देत नाहीत, यामुळे निर्धास्तता वाटते, पण ती फसवी असते.

रात्रभर विस्तव टिकावा म्हणून बुखारीची हवा अगदी कोंडणे हीदेखील घातक सवय आहे. त्यामुळे लाकूड धुमसत राहते आणि धुरांड्याच्या आतील बाजूस डांबरासारखा थर साचतो. पुढे तो पेट घेतल्यास देवदाराच्या लाकडाने बांधलेले घरही धोक्यात येते. लाकूड फोडून, छपराखाली हवेशीर रचून किमान एक उन्हाळा वाळविणे, धुरांडे छपराच्या वर नेणे व ते दर हंगामापूर्वी साफ करणे, शेगडी आणि लाकडी भिंत यांत पुरेसे अंतर ठेवणे, खोलीत ताज्या हवेसाठी वाट ठेवणे आणि राख झाकणाच्या धातूच्या डब्यात घराबाहेर ठेवणे, ही दक्षता आवश्यक ठरते. शेगडी चांगली पेटल्यावर धुरांड्यातून दाट धूर निघू नये, ही योग्य ज्वलनाची सोपी खूण होय.

घराची रचना व धोरण

शेगडी कितीही चांगली असली, तरी फटींतून व पातळ छपरातून उष्णता निसटत असेल, तर सरपण वायाच जाते. लडाखमधील फे गावाजवळच्या सेकमॉल या संस्थेने दक्षिणाभिमुख काचा आणि जाड मातीच्या भिंती यांच्या साहाय्याने सौर उष्णतेवर उबदार राहणाऱ्या इमारती उभ्या केल्या आहेत. २०१८ च्या ‘इको-निवास संहिते’त थंड हवामानासाठी घराच्या बाह्य आवरणातून होणाऱ्या उष्णतागळतीवर मर्यादा घालण्यात आली. मात्र ही संहिता ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी इमारतींसाठी असल्याने डोंगरातील लहान घरे बहुधा तिच्या कक्षेबाहेर राहतात.

या प्रश्नाला पर्यावरणाचीही बाजू आहे. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने डोंगराळ प्रदेशात दोन तृतीयांश क्षेत्र वनाच्छादित असावे, असे उद्दिष्ट ठेवले. धुरातील काळा कार्बन हिमावर बसल्यास सूर्यप्रकाशाचे परावर्तन घटते व हिम लवकर वितळते. २००८ च्या राष्ट्रीय हवामान बदल कृती आराखड्यातील आठ अभियानांपैकी एक हिमालयीन परिसंस्थेच्या रक्षणासाठी आहे.

केवळ गॅस जोडण्यांच्या संख्येवरून डोंगरातील घर धूरमुक्त झाले, असा निष्कर्ष काढता येत नाही. वाळलेले सरपण, सुधारित शेगडी आणि उष्णता धरून ठेवणारे घर या तिन्हींचा एकत्र विचार झाला, तरच वनांवरील भार, सरपण वाहणाऱ्या स्त्रियांचे कष्ट आणि बंद खोलीतील धूर एकाच वेळी कमी होऊ शकतील.