ब्राउझर आणि अल्पप्रचलित प्रणाली

(बी. ए. भाग २)

प्रवेशाच्या अर्जापासून निकालापर्यंत आज बहुतेक कामे ब्राउझरच्या खिडकीतून होतात. ही खिडकी प्रत्येकाच्या यंत्रावर सारखीच उघडते, असा आपला समज असतो. तो खरा नाही.

ब्राउझर सर्व कामे एकटा करीत नाही. पडद्यावर अक्षरे उमटविणे, स्मृतीत जागा मिळविणे, इंटरनेटशी संपर्क साधणे, ह्यांसाठी तो यंत्राच्या कार्यप्रणालीकडे मागणी करतो. मागणीची ही रीत प्रत्येक प्रणालीत निराळी असते. विंडोज किंवा अँड्रॉइडसाठी ब्राउझर बनविणाऱ्या कंपन्याच ती सांभाळतात. फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी ह्यांसारख्या प्रणालींसाठी मात्र स्वयंसेवक फायरफॉक्स व क्रोमियम ह्यांत आवश्यक ते बदल करतात. २०२० साली फायरफॉक्सने चार आठवड्यांनी नवी आवृत्ती काढण्याचा क्रम स्वीकारला. म्हणजे एकदा केलेली जोडणी दर खेपेस पुन्हा तपासणे आले.

आपल्याकडील उदाहरण बॉस लिनक्सचे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ही प्रणाली २००७ साली आणली. तीत मराठीचीही सोय आहे. ती डेबियनवर आधारलेली असल्यामुळे डेबियनसाठी सिद्ध झालेला ब्राउझर तिच्या उपयोगी पडतो. थोरल्या घराशी नाते राखल्याचा हा लाभ होय.

२०१७ साली आलेल्या जिओफोनमध्ये कायओएस ही प्रणाली आहे. ती मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसमधून निघाली. तिच्या २.५ ह्या आवृत्तीतील गेको ४८ हे इंजिन २०१६ सालचे आहे. त्यानंतरच्या रीतीने लिहिलेली कित्येक पाने त्याला नीट वाचता येत नाहीत. फोनची बटणे शाबूत असतात, जग मात्र पुढे गेलेले असते.

दुसरी अडचण दाखल्यांची. संकेतस्थळ खरे की खोटे, हे ब्राउझर मूळ दाखल्यांच्या यादीवरून ठरवितो. ३० सप्टेंबर २०२१ रोजी डीएसटी रूट सीए एक्स३ ह्या दाखल्याची मुदत संपली. ज्यांच्या यादीत नवा दाखला नव्हता, अशा अनेक जुन्या यंत्रांवर चांगली संकेतस्थळेही उघडेनात.

सोलापुरात जुना माग वर्षानुवर्षे चालतो, कारण त्याची नस ओळखणारा जॉबर असतो. संगणकाच्या जगातही अशा जॉबरांची गरज आहे. त्याचबरोबर अर्जाची पाने साधी ठेवणे हे ती बनविणाऱ्यांचे कर्तव्य आहे. ज्या घरातून पहिलेच मूल कॉलेजात येते, त्या घरात नवा फोन असेलच असे नाही. अर्ज तेथेही उघडला पाहिजे.