थंडीचे पाहुणे आणि आपला हरभरा



परवा पहाटे जलाशयाकाठच्या एका सभासद दादांचा फोन आला. "मॅडम, हरभऱ्यात पाखरं उतरलीत, एखादं औषध सांगा." मी विचारलं, अळीवर की पाखरांवर? दादा जरा थांबले, मग म्हणाले, "पाखरांवरच." म्हटलं, काही टाकू नका, मी येते.

साडेसातला आम्ही दोघं बांधावर बसलो. रानात दोन जातीची पाखरं होती. नदीकडच्या कडेला कांड्या करकोचे: उंच, राखाडी, मान काळी. मधल्या पट्ट्यात भोरड्यांचा थवा. करकोचे जिथं चालले होते तिथं शेंडे टिपलेले, रोपं तुडवलेली. ते नुकसान खरंच होतं. भोरड्या मात्र घाटेअळी टिपत होत्या. आम्ही ओळी मोजल्या. भोरड्यांच्या पट्ट्यात दोन मीटरला जेमतेम एक अळी. रस्त्याकडच्या कडेला, जिथं वर्दळीमुळे पाखरं बसत नाहीत, तिथं मीटरला दोन-तीन. दादा म्हणाले, "म्हणजे मी गड्यालाच हाकलत होतो!"

*आधी पाखरू ओळखा, मग उपाय करा.*

*कोण नुकसान करतं, कोण मदत?*
▪ भोरडी (पळस मैना): गुलाबी अंग, डोकं-पंख काळे. हरभऱ्यात अळी खाते. पण ज्वारीचा दाणा आणि द्राक्षाचे मणी पण खाते.
▪ धोबी: शेपटी सारखी खालीवर. पाणी भरताना मागंमागं किडे टिपतो. पिकाला काही करत नाही.
▪ भोवत्या: पिकावरून अगदी खालून घिरट्या घालणारा शिकारी पक्षी. उंदीर मारतो.
▪ करकोचे, पट्टकादंब: कोवळा हरभरा, गहू खातात. पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो. डोक्यावर दोन काळे पट्टे ही त्याची खूण.
▪ तलवार बदक, थापट्या: यांचा मुक्काम मुख्यतः पाण्यातच.

*हरभऱ्यात काय करायचं?*
१. एकरी २० पक्षी थांबे लावा. इंग्रजी टी आकाराची काठी, पिकाच्या वर हातभर.
२. एकरी २ कामगंध सापळे. सलग ३ दिवस सापळ्यात ८-१० पतंग आले, तर ओळी मोजायला घ्या.
३. फुलोरा लागताना ५ टक्के निंबोळी अर्क.
४. मीटर ओळीत १-२ अळ्या दिसल्या तरच पुढची फवारणी. औषध आणि प्रमाण आम्हाला विचारून, लेबल वाचून. फवारा संध्याकाळी. पंप आणि डबे जलाशयात किंवा पाटात धुवायचे नाहीत.
५. ज्वारीत दाणा भरू लागला की थांबे काढून घ्या, नाहीतर पाखरांना आपणच जेवायला बसवल्यासारखं होईल.

*करकोचे, बदकं येत असतील तर?*
ती सकाळी लवकर आणि संध्याकाळी येतात. तेवढे दोन-दोन तास राखण ठेवा. चमकदार फिती पीळ देऊन बांधा, पण दर ३-४ दिवसांनी जागा बदला. एकाच जागी ठेवल्या की पाखरं सरावतात. द्राक्षबागेवर जाळी ताणून बांधा. सैल जाळीत पाखरं अडकून मरतात. रोज संध्याकाळी एक फेरी मारा.

*विष अजिबात नाही.*
दाण्याला औषध चोळून टाकणं हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे विष घालणं म्हणजे शिकारच. काहींच्या घरात फोरेटची जुनी पुडी अजून असेल. त्याच्या वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. आणि विष करकोच्यापाशी थांबत नाही. मेलेलं पाखरू घार खाते, कुत्रं खातं, दाणे आपल्या कोंबड्या टिपतात. जो भोवत्या आपले उंदीर मारतो, तोही जातो.

नांदूर मध्यमेश्वर १९८६ पासून अभयारण्य आहे, आणि २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. गोदावरी-कादवाच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यात गाळ साठत गेला, पाणी उथळ झालं, म्हणून पाखरं इथं उतरतात. त्याच पाण्यावर आपली रानं भिजतात. शेजार दोघांनाही निभवायचाय.

कुठं पाखरं मेलेली दिसली तर हात लावू नका, कोंबड्या लांब ठेवा. वनविभागाचा नंबर १९२६, आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

*या आठवड्याचं काम:* उद्या सकाळी सात वाजता रानात जा. पाच ठिकाणी एक-एक मीटर ओळ मोजा. अळ्यांचा आकडा आणि पाखराचा फोटो या नंबरवर पाठवा. फवारणी करायची की नाही, ते त्यावरून ठरवू.

त्या दादांनी काल निरोप पाठवला: वीस थांबे लावले, फवारणी फक्त रस्त्याकडच्या पट्ट्यात केली.

– आपली कृषी सल्लागार