चेतापेशींचा अखंड जागर

सकाळी चहा घेताना हातातून बशी निसटते, उजवा हात उचलत नाही, बोलावयास जावे तर शब्द फुटत नाही. घरची मंडळी घाबरून हाताला तेल चोळू लागतात. वास्तविक हात धडधाकट असतो. बिघाड झालेला असतो तो कवटीच्या आत, डाव्या बाजूस.

मानवी मेंदूचे वजन अवघे सव्वा ते दीड किलो. त्याचा सर्वांत मोठा भाग म्हणजे प्रमस्तिष्क. विचार, स्मृती, वाचा व ऐच्छिक हालचाली त्याच्या अखत्यारीत येतात. मागे, खालच्या अंगास असलेले अनुमस्तिष्क शरीराचा तोल सांभाळते, तर श्वासोच्छ्वासासारखी न सांगता चालणारी कामे मस्तिष्कस्तंभ पाहतो. प्रमस्तिष्काचा डावा अर्धा भाग शरीराच्या उजव्या बाजूवर हुकमत चालवितो आणि उजवा भाग डाव्या बाजूवर. १८६१ मध्ये पॅरिस येथे पॉल ब्रोका यांनी एका रुग्णाच्या मेंदूची मरणोत्तर तपासणी केली. हा मनुष्य अनेक वर्षे ‘तान’ एवढाच उच्चार करू शके. दुसऱ्याचे बोलणे मात्र त्यास बरेचसे समजत असे. त्याच्या मेंदूच्या डाव्या अर्धात, पुढील बाजूस, इजा आढळली. वाचेला मेंदूत ठरावीक जागा आहे, हे त्यावरून दिसून आले.

हा सारा कारभार चेतापेशींचा. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीप्रमाणे मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी आहेत. वृक्षिका नावाच्या फांद्यांनी पेशी संदेश घेते आणि अक्षतंतूने तो पुढे धाडते. संदेश विजेचा खरा, पण तारेतील विजेसारखा तो वाहत नाही. स्वस्थ पेशीची आतील बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. चेतना मिळताच आवरणातील सूक्ष्म दारे उघडून सोडियमचे कण आत घुसतात. त्या धक्क्याने पुढची दारे उघडतात, मग त्यापुढची. टोकाशी पोहोचल्यावर फट लागते. ती ओलांडण्याचे काम बहुधा रसायनाकरवी होते.

आत आलेले सोडियम पुन्हा बाहेर काढावे लागते. हा उपसा रात्रंदिवस, झोपेतही, चालू असतो आणि खर्च आहे तो येथेच. शरीराच्या वजनाच्या अवघा २ टक्के असलेला मेंदू सुमारे २० टक्के प्राणवायू वापरतो. शिल्लक टाकण्याची सवय मात्र त्याला नाही! त्यामुळे रक्तवाहिनीत गुठळी अडकली की काही मिनिटांतच पेशी मरू लागतात. मोठी वाहिनी बंद पडल्यास मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा २००६ मधील एका अभ्यासाचा अंदाज आहे.

गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते. झटका रक्तस्रावाने आला असेल तर तेच औषध घातक ठरते. म्हणून आधी सी.टी. स्कॅन आवश्यक. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला वा बोलणे अडखळले तर मालिशीत वेळ दवडू नये, तोंडात पाणी अथवा औषध घालू नये. स्कॅनची सोय असलेले रुग्णालय तत्काळ गाठावे. निघताना घड्याळ पाहावे, कारण रोगी शेवटचा धडधाकट केव्हा दिसला, हे डॉक्टर प्रथम विचारतात.