वन्स मोअर की बास करा?

'फीडबॅक' हा शब्द आपल्याला कॉलेजात तीन ठिकाणी हमखास भेटतो. सेमिस्टर संपताना टीचर्सबद्दलचा फॉर्म भरतो तेव्हा, कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात ब्लॉक डायग्राम काढतो तेव्हा, आणि गॅदरिंगला निवेदक माईक घेऊन स्पीकरसमोर गेला की कानठळ्या बसवणारी 'कुंईईई' येते तेव्हा! तिन्हीकडे गोष्ट एकच. बाहेर पडलेलं काहीतरी परत आत येतं. (माझी शाळा कॉन्व्हेंटची. 'प्रतिपुष्टी' वगैरे शब्द मला डिक्शनरीतच भेटले, त्यामुळे मी फीडबॅकच म्हणणार. चालवून घ्या.)

ह्या लेखात चौथा फीडबॅक बघू. हौशी रॉक बँडने काहीही न ठरवता वाजवलेलं रेकॉर्डिंग लोकांना ऐकवलं, तर येणाऱ्या मतांचं करायचं काय? मार्क्स नाहीत, पण विषय इंपॉर्टंट आहे.

केस स्टडी : अकरा मिनिटं वीस सेकंद

आम्ही चौघं. गिटार, बेस, ड्रम्स आणि कीबोर्डवर अस्मादिक. शिकतो सांगलीत, मी मूळचा साताऱ्याचा. विश्रामबागेत एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत आमची प्रॅक्टिस चालते. एका संध्याकाळी गाणं कुठलंच ठरलेलं नव्हतं. गिटारवाल्याने ई मायनरमध्ये एक तुकडा सुरू केला, आम्ही मागे लागलो आणि थांबलो तेव्हा ११ मिनिटं २० सेकंद झाली होती. स्टुलावर ठेवलेल्या मोबाइलने सगळं टिपलं. रॉकवाले ह्याला जॅम म्हणतात. ह्यातूनच गॅदरिंगसाठी सहा मिनिटांचा स्वतःचा पीस करायचा असं ठरलं. ड्रमर फायनल इयरला आहे, जूनमध्ये पुण्याला नोकरीवर रुजू होणार. म्हणजे आमचं स्वतःचं असं काही व्हायचं तर ह्याच वर्षी.

रेकॉर्डिंग हॉस्टेलभर फिरलं आणि मतं आली. "एक नंबर!" "नाद खुळा!" "जरा मेटल वाजवा की राव." "झोप आली." आणि एक मत असं होतं, "बेसवाला नसता तरी चाललं असतं."

आमचा बेसवाला तासगावकडचा. त्याने दोन सुट्ट्या काम करून सेकंडहँड बेस घेतला होता. तो काही बोलला नाही. बेस कव्हरमध्ये घातला आणि "सबमिशन आहे" म्हणत तीन आठवडे खोलीकडे फिरकला नाही. पाच शब्दांच्या फीडबॅकने सिस्टिम बंद पाडली!

थोडी थिअरी (घाबरू नका)

फीडबॅक दोन प्रकारचा. बाहेरचा सिग्नल आतल्या सिग्नलला जोर देतो तो पॉझिटिव्ह. माईकची कुंई हा त्याचा नमुना. स्पीकरचा आवाज माईकमध्ये, तिथून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, पुन्हा स्पीकरमध्ये, आणि फेरीगणिक मोठा. संगीतवाल्यांनी ह्या कुंईचंही सोनं केलं. बीटल्सचं १९६४ सालचं 'आय फील फाइन' गिटारच्या फीडबॅकनेच सुरू होतं. पण सारखं तेच चाललं तर कान जातात. "नाद खुळा!" हा पॉझिटिव्ह फीडबॅक. जोर वाढतो, दिशा कळत नाही.

दुसरा निगेटिव्ह. नाव वाईट, काम चांगलं. बेल लॅब्जच्या हॅरॉल्ड ब्लॅक ह्या इंजिनिअरला ही कल्पना २ ऑगस्ट १९२७ रोजी कामावर जाताना फेरीबोटीत सुचली आणि त्याने ती हातातल्या वर्तमानपत्रावरच खरडली. अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटचा थोडा भाग उलटा करून परत इनपुटला द्यायचा. लोकांना हा वेडेपणा वाटला. कष्टाने मिळवलेला गेन फेकून का द्यायचा? पेटंट हातात यायला १९३७ साल उजाडलं.

आता गणित बघा. मूळ गेन १०००, त्यातला एक दशांश आउटपुट परत दिला, तर एकूण गेन येतो १००० भागिले १०१, म्हणजे साधारण ९.९०. आता मूळ गेन निम्मा झाला, ५०० वर आला. तर ५०० भागिले ५१, म्हणजे ९.८०. मूळ गेन अर्धा झाला, पण आउटपुट जेमतेम एक टक्का हललं!

बँडमध्ये मूळ गेन म्हणजे त्या दिवशीचा मूड. तो कधी हजार, कधी पाचशे, इंटर्नल परीक्षेच्या आदल्या दिवशी पन्नास. नेमकी टीका थोडी थोडी आत घेतली की वाजवणं मूडवर कमी अवलंबून राहतं. पण किंमतही बघा, हजाराचे दहा झाले. प्रत्येकाची प्रत्येक सूचना आत घेतली तर बिनचूक वाजेल, पण जोश उरणार नाही. म्हणून आमचा नियम असा, एका रेकॉर्डिंगवरून पुढच्या जॅमसाठी फक्त दोन दुरुस्त्या घ्यायच्या.

आणि हो, जॅमचं रेकॉर्डिंग दुरुस्त करायचं नसतं. ते होऊन गेलं. फीडबॅक जातो पुढच्या वाजवण्यात.

सेन्सर तपासा : मिरजेचा धडा

गिटारची एक तार झणझणत होती म्हणून गिटारवाला आणि मी मिरजेला गेलो. सांगलीकरांना सांगायला नको, सतार-तंबोऱ्यांसाठी मिरज देशभर प्रसिद्ध आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. दुकानातले वयस्कर कारागीर चाचा तंबोऱ्याची जवारी लावत बसले होते. घोडीवर कानस हलकीच फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. आमच्या पुस्तकातली क्लोज्ड लूप सिस्टिम समोर बसून काम करत होती. कान हा सेन्सर, मनातला आवाज हा रेफरन्स आणि दोन्हींतला फरक म्हणजे एरर. एरर छोटा तशी कानसही हलकी.

गिटारचं काम होईपर्यंत आम्ही चाचांना मोबाइलवर आमचा जॅम ऐकवला. दोन मिनिटं ऐकून ते म्हणाले, "पोरांनो, सगळं वाजतंय, पण खर्ज कुठाय? तंबोऱ्याची खर्जाची तार काढून घेतली तर कसं लागेल, तसं लागतंय."

"आहे चाचा, बेस आहे ना," गिटारवाला म्हणाला.

"मग तुझ्या डबड्यातनं तो येत नाही. मोठ्यावर लाव."

इथे ट्यूब पेटली. बेस गिटारच्या सगळ्यात जाड तारेची मूळ फ्रीक्वेन्सी साधारण ४१ हर्ट्झ. मोबाइलचा एवढासा स्पीकर दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुकाच. बेसची वरची हार्मोनिक्स तेवढी कशीबशी बाहेर पडतात आणि गिटारच्या गर्दीत हरवतात. म्हणजे "बेसवाला नसता तरी चाललं असतं" हे मत बेसवाल्याबद्दल नव्हतंच. ते मोबाइलच्या स्पीकरबद्दल होतं! लॅबमध्ये रीडिंग चुकलं तर आपण आधी मीटर तपासतो. मग ऐकणाऱ्याने कशावर ऐकलं, कुठे ऐकलं, पूर्ण ऐकलं का, हे मत मनाला लावून घ्यायच्या आधी तपासायला नको का?

उशीर झाला की गडबड

हॉस्टेलच्या सोलरचं पाणी आठवा. नळ फिरवला तरी गरम पाणी लगेच येत नाही. आपण वैतागून आणखी फिरवतो, आणि मग एकदम पाठ भाजते. घाईने उलटं फिरवलं की बर्फ! लूपमध्ये उशीर असला की चांगली सिस्टिमही अशी झोके घेते. जॅमचं तसंच. मत दोन आठवड्यांनी आलं तर तोवर आपण वेगळंच काहीतरी वाजवत असतो.

आपल्या शास्त्रीय संगीताने हा प्रश्न कधीच सोडवलाय. तिथेही गायक बरंचसं तिथल्या तिथे रचतो. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहायचे. १९३७ साली ते गेले, त्यांची कबर मीरासाहेब दर्ग्यात आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं-वाजवणं होतं. अशा मैफलीत गाणारा समेवर आला की समोरून 'वाह' येते आणि तो पुढची जागा त्या अंदाजाने घेतो. दाद म्हणजे उशीर नसलेला फीडबॅक. सांगली तर नाट्यपंढरी. 'वन्स मोअर'ची किंमत इथे काय सांगायची!

रॉकमध्येही हे चालतं, आणि त्याचा एक धागा आमच्या सातारा जिल्ह्यात आहे. वाईवरून पसरणीचा घाट चढला की पाचगणी. तिथल्या सेंट पीटर्स स्कूलच्या पाच मुलांनी १९५८ च्या सुमारास 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. पियानोवर होता फारोख बलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी. बेस म्हणून चहाच्या खोक्यापासून केलेलं वाद्य! हे सगळे शाळेच्या कार्यक्रमांत वाजवायचे. ऐकणारी पोरं-पोरी समोरच बसलेली, त्यामुळे आवडलं की नाही ते तिथल्या तिथे कळायचं.

हाच फ्रेडी पुढे 'क्वीन' बँडमध्ये गेला. १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या बिंग्ली हॉलला कार्यक्रम संपल्यावर प्रेक्षकच बँडसाठी गाऊ लागले. गिटारिस्ट ब्रायन मे विचारात पडला, एवढ्या गर्दीत दाटीने उभ्या लोकांना काय करता येईल? पाय आपटता येतील, टाळ्या वाजवता येतील. त्यातून 'वी विल रॉक यू' तयार झालं. आणि १९८१ मध्ये स्वित्झर्लंडच्या माँत्रो इथे क्वीन आणि डेव्हिड बोवी ह्यांच्या जॅममधून 'अंडर प्रेशर' जन्मलं आणि इंग्लंडमध्ये पहिल्या नंबरवर गेलं. म्हणजे जॅममधून गाणं निघतं, पण कुठला तुकडा ठेवायचा हे कुणीतरी नीट ऐकावं लागतं.

प्रॅक्टिकल : आम्ही वापरलेली पद्धत

१. रेकॉर्डिंग वाजवल्यापासून दोन दिवसांत ऐकवायचं. मोबाइलच्या स्पीकरवर नाही, मोठ्या स्पीकरवर किंवा हेडफोनवर. (आमचे दोन दिवस केव्हाच उलटले होते. म्हणून आधी आम्ही तिघांनी तो जॅम पुन्हा ऐकला आणि मगच लोकांना बोलावलं.)

२. "कशी वाटली?" विचारलं की मैत्रीखातर "भारी" येतं. त्याऐवजी मिनिटांचे आकडे छापलेला कागद द्यायचा. आणखी ऐकावंसं वाटलं तिथे बरोबरची खूण, लक्ष उडालं तिथे फुली. कारण लिहायची सक्ती नाही.

३. नाव लिहायचं नाही. कोण वाजवतंय ह्याबद्दलही बोलायचं नाही, फक्त कुठल्या मिनिटाला काय झालं तेवढंच.

४. ऐकणाऱ्यांकडे बघत राहायचं. पाय कधी हलायला लागला आणि हात मोबाइलकडे कधी गेला, हे कागदापेक्षा खरं असतं.

५. एकाची फुली म्हणजे आवड-निवड. चौघांची फुली एकाच जागी आली की समजायचं, एरर आहे.

खोलीवर नऊ जण जमले. त्यात खालच्या घरमालकीण काकूही होत्या. काकूंनी कागद घेतला नाही. तोंडीच म्हणाल्या, "अरे, सुरुवातीचं ते ढॅण ढॅण आवरा जरा. पण मधे ते एकटंच घुमतं ना, ते छान आहे. देवळात बसल्यासारखं वाटतं."

कागद गोळा केले. पहिल्या दोन मिनिटांत फुल्यांचा पाऊस. आणि सहा मिनिटं चाळीस सेकंदांपाशी सातजणांची बरोबरची खूण. तिथे गिटार थांबते, मी थांबतो, आणि बेस एकटा घुमत राहतो. मोबाइलवर ती जागा म्हणजे चक्क शांतता होती!

ते आठ कागद मी बेसवाल्याच्या रूमवर नेऊन दिले. समजूत वगैरे काढली नाही. त्याने एकेक कागद बघितला आणि विचारलं, "हे सहा-चाळीसवाले कोण कोण?"

"नावं नाहीत लिहिलेली."

"आणि नववा कागद?"

"काकूंनी तोंडी सांगितलं. देवळात बसल्यासारखं वाटतं म्हणाल्या."

रविवारी तो बेस घेऊन गच्चीवर हजर.

आता आमचा पीस सहा मिनिटांचा आहे आणि बेसने सुरू होतो. दुरुस्त्या दोनच घेतल्या, सुरुवात कापली आणि ती सहा-चाळीसची जागा पुढे आणली. ड्रमर जूनमध्ये जायच्या आधी एकदा तरी स्टेजवर वाजवायचाच आहे. गॅदरिंगला निवड झाली की नाही, ते हा अंक तुमच्या हातात पडेपर्यंत कळलेलंच असेल.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुणी मित्र काही वाजवून, लिहून किंवा काढून दाखवेल तेव्हा नुसतं "नाद खुळा" म्हणून सोडू नका. आणि "बकवास" म्हणून तर अजिबात नको. कुठल्या मिनिटाला, ते सांगा. आधी नीट ऐका मात्र, आणि तेही मोठ्यावर लावून!