संकेतस्थळ : कारागिराची नवी दुकानपाटी



कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु ती घडविणारा कारागीर ग्राहकाला सापडलाच नाही, तर नफा दलालाच्या पदरी पडतो. म्हणून त्याचे संकेतस्थळ तयार करताना आपण तीन गोष्टी ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

पहिली, ग्राहकाचे शब्द. 'दर्जेदार पादत्राणे' असे कोणी शोधत नाही. 'कोल्हापुरी चप्पल, लेडीज' असेच शोधतात. पानाच्या शीर्षकात तेच शब्द व गावाचे नाव असावे. लपविलेल्या कीवर्डची यादी क्रमवारीसाठी वापरत नसल्याचे गुगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे.

दुसरी, मोबाईल. गुगल पानाची मोबाईलवरील आवृत्ती पाहूनच नोंद घेते. म्हणून फोटो हलके ठेवावेत आणि भाव फोटोत न लिहिता मजकुरात लिहावा.

तिसरी, विश्वास. कातडे कोणते, शिलाई वादीची की मशीनची, माप चुकल्यास बदलून मिळेल काय, हे स्पष्ट सांगावे. गुगल नकाशावर दुकानाची नोंद विनामूल्य होते. तेथे व संकेतस्थळावर पत्ता, फोन, वेळ एकच असावी.

आपल्यातील शिकलेल्या प्रत्येकाने निदान एका कारागिराला असे पान करून द्यावे आणि ते चालवायला शिकवावे. कष्टाचे दाम कष्टकऱ्याच्या हाती पडण्यास त्याने निश्चित मदत होईल.