नाव ठाऊक, संगीत अनोळखी



'अमर अकबर अँथनी' (1977) या चित्रपटातील गाण्याने अँथनी गोन्साल्विस हे नाव घरोघरी पोहोचवले. पण हे नाव एका खऱ्या संगीतकाराचे होते. संगीतकार प्यारेलाल यांचे ते व्हायोलिनचे गुरू. शिष्याने या गाण्यातून गुरूंना मानवंदना दिली.

त्यांचा जन्म 1927 साली गोव्यातील माजोर्डा येथे झाला. वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. त्यामुळे पाश्चात्य संगीताचे धडे घरातच मिळाले. 1943 मध्ये ते मुंबईला आले आणि नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवू लागले. तेथे त्यांना रागसंगीताची ओढ लागली.

रागात एकच सुरावट फुलत जाते. गायकवृंदात मात्र चार आवाज एकाच वेळी वेगवेगळे स्वर गातात. या दोहोंचा मेळ घालणे अवघड असते. उदाहरणार्थ, वृंदावनी सारंगात गंधार व धैवत वर्ज्य आहेत. नेहमीचा सा-ग-प हा स्वरमेळ लावला, तर गंधार येतो आणि राग बिघडतो. रचनाकाराला नवी वाट शोधावी लागते. गोन्साल्विस यांनी हेच आव्हान स्वीकारले. 1958 मध्ये त्यांनी मुंबईत मोठा वाद्यवृंद उभा करून रागांवर आधारित रचना सादर केल्या. लता मंगेशकर व मन्ना डे त्यात एकल गायक होते.

पुढे 1963 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या दस्तऐवजात (क्र. 119) सांगितले, की लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य स्थान मिळावे. गोन्साल्विस यांची रचना उपासनेसाठी नव्हती, पण वाट तीच होती.

असे संगीत कसे ऐकावे? प्रथम फक्त मुख्य चाल ऐका. दुसऱ्यांदा सर्वांत खालचा आवाज धरा. तिसऱ्यांदा सर्व आवाज एकत्र ऐका. भजन व नाट्यसंगीतावर पोसलेल्या रत्नागिरीकरांच्या कानाला राग लगेच ओळखू येईल.

18 जानेवारी 2012 रोजी गोन्साल्विस प्रभूघरी गेले. त्यांचे नाव आजही लग्नाच्या वरातीत गाजते. त्यांच्या रचना मात्र क्वचितच कानी पडतात. कागदावरचे संगीत कोणी गायले-वाजवले, तरच जिवंत राहते.

चिंतनासाठी :
1. मिस्सामध्ये आपण गातो त्या गीतांचे कवी व संगीतकार आपल्याला ठाऊक आहेत का?
2. जुन्या गायकांच्या वह्या कोणी जपून ठेवल्या आहेत का?
3. आपल्या घरातील एक मूल तरी गायकवृंदात येईल का?